खदिजाभाभींचं नाव

इथे आखातात, माहूजमधल्या आमच्या इमारतीत इक्बालभाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. मूळचे रत्नागिरीकडचे. एकतीस वर्षं गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला होते. गिऱ्हाइकानं गंजका तुकडा पुढे केला, की अंगठ्यानं चाचपून कप्प्याचा नंबर सांगायचे. दुकानात कॉम्प्युटर आला, तर मालकानं त्याला मागच्या टेबलावर बसवलं आणि इक्बालभाईंना पुढेच ठेवलं.

फेब्रुवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय दोन महिन्यांत सावरले, शब्द मात्र गेले. ग्लास दाखवला की ‘चावी’ म्हणत, आणि चुकलं हे कळून स्वतःच कपाळावर हात मारून घेत. नवल म्हणजे एक ते दहा आकडे घडाघडा येत. ‘बिस्मिल्ला’ आणि ‘खलास’ तर कधी अडलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, विचारल्यावर शोधून काढायचा शब्द मेंदू एका वाटेनं आणतो, रोजच्या सवयीचा दुसऱ्या. यांची पहिली वाट खचली आहे.

चुकांवरून शिकणारे प्रोग्राम लिहिणं हे माझं सीफमधल्या ऑफिसातलं काम. त्या तोऱ्यात मी त्यांच्यासाठी टॅबलेटवर मराठी सराव बनवून दिला. चित्र येणार, इक्बालभाई नाव सांगणार, जिथे अडतील तेच चित्र प्रोग्राम पुन्हा पुन्हा आणणार. पहिला फोटो घातला त्यांच्या बायकोचा, आणि उत्तर लिहिलं ‘खदिजा’. तिथेच मी माती खाल्ली.

सहा आठवड्यांत छत्री आली, भाकरी आली, सुरमईसुद्धा आली. खदिजाभाभींचा फोटो आला की इक्बालभाई नुसते बघत राहायचे. आणि माझा शहाणा प्रोग्राम तोच फोटो दिवसातून दहा-बारा वेळा काढून ‘उत्तर चूक’ म्हणायचा. भाभी आधी हसत शेजारी बसायच्या. मग बसेनाशा झाल्या.

एका दुपारी स्वयंपाकघरात त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “निधी, त्यांना छत्री आठवली. मी नाय आठवले.”

मी मेंदूच्या वाटा समजावू लागले, पण ते ज्ञान त्या वेळी कुचकामी होतं. मग सहज विचारलं, की आजारपणाआधी ते तुम्हाला नावानं हाक मारायचे का? भाभींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अचकट विचकट बोलले. त्यांच्या घरात कुठलाच पुरुष बायकोचं नाव घेत नाही. चौतीस वर्षांच्या संसारात ते नाव इक्बालभाईंच्या तोंडी एकदाही आलं नव्हतं. जो माल दुकानात कधी ठेवलाच नाही, तो मी रोज काउंटरवर मागत होते.

मग हाक तरी कशी मारायचे? भाभी म्हणाल्या, आता कुठली हाक, ते मागायच्या आधीच मी सगळं हातात नेऊन देते.

मी म्हटलं, आज चारची चाय नेऊ नका.

आजारी माणसाचे असे हाल का, म्हणून त्या कुरकुरल्या, पण थांबल्या. मी बाहेर इक्बालभाईंजवळ जाऊन बसले; त्यांच्या मांडीवरच्या टॅबलेटवर भाभींचाच फोटो आला होता. चार वाजले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सव्वाचार झाले. ते खुर्चीत चुळबुळ करू लागले आणि मला स्वतःचा राग आला. उठून चहा आणावा म्हटलं, तेवढ्यात ते खणखणीत आवाजात, चांगले वैतागून म्हणाले, “अगो, चाय?”

मांडीवरचा टॅबलेट म्हणाला, “उत्तर चूक.”

भाभी लगेच बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल होते. कप ठेवत पुटपुटल्या, चायच्या टायमाला बरी आठवते मी. इक्बालभाईंनी त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं टॅबलेटवरच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाले, “अगो.” एवढं साधं या यंत्राला कसं कळत नाही, असा त्यांचा चेहरा होता.

मला रडू आवरेना. प्रोग्राम उघडून मी उत्तर खोडायला घेतलं.

“लिही,” भाभी म्हणाल्या. “तेच माजं नाव हाय.”