नवसागराचा धूर
परवा नांदेडच्या बाजारात कल्हईचा वास आला आणि दहावीच्या विज्ञानाच्या पेपरचा आदला दिवस आठवला. घरात मोबाइल एकच, तोही गिऱ्हाइकांसाठी अब्बांजवळ, म्हणून मी त्यांच्या कल्हईच्या भट्टीशेजारी पोत्यावर बसून रसायनशास्त्राचे व्हिडिओ बघत होते. व्हिडिओतल्या सरांनी परीक्षानळीत अमोनियम क्लोराइड घेतलं, नळी ज्योतीवर धरली आणि दिवसाचं नेट संपलं. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. मी मोबाइल बंद करून चालू केला, पुन्हा केला, रडकुंडीला आले. तेवढ्यात अब्बांनी तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला आणि पांढऱ्या धुराचा लोट माझ्या तोंडावर आला. मी चिडून वहीने तो उडवून लावला. “धुआँ लग रहा क्या बेटा? रुक, बाद में करतूँ,” म्हणत त्यांनी पातेलं उतरवलं आणि हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात प्रश्न होता, अमोनियम क्लोराइड तापवल्यावर काय दिसतं? मी जागा कोरी सोडली. नवसागर म्हणजेच अमोनियम क्लोराइड, हे मला पुढे कॉलेजात कळलं. अब्बांना ते मी अजून सांगितलेलं नाही; त्यांना आजही वाटतं, त्यांच्या धुरामुळे माझा अभ्यास राहिला.