जोडव्यांना जागा ठेवणाऱ्या अक्का

सिंधूअक्कांची आणि माझी ओळख झाली ती नकाराने. शिंदखेड्याहून एसटीने मी धुळ्याला आले होते. पिशवीत आईची झिजलेली चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. बायकांच्या चपला आणि बूट मापाने, हाताने करून देणारी एक बाई धुळ्यात आहे, एवढेच ऐकले होते. आमच्याकडे माप द्यायची रीतच तशी. बाई घरी राहते आणि तिची जुनी चप्पल दुकानात जाते, कारण परक्या माणसाच्या हातात पाय कोण देणार? अक्कांनी ती चप्पल उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याच हातात ठेवली. "चप्पल नई, तुन्ही मायले लई ये," आईलाच घेऊन ये, एवढे बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. जुन्या चपलेवरून नवी बेतली की जुनीचे चावणे नवीत उतरते, हे त्यांनी मला पुष्कळ नंतर समजावले. त्या वेळी मला फक्त राग आला होता.

आई काही गेली नाही. मग अक्काच एका संध्याकाळी आमच्या घरी आल्या. माप संध्याकाळीच घ्यायचे, दिवसभर राबून पाय सुजलेला असतो तेव्हा, आणि तेही बाईला उभे करून, हा त्यांचा नियम. आईने पाय लुगड्यात ओढून घेतले. अक्कांनी आग्रह केला नाही. स्वतःची चप्पल काढली, कागदावर स्वतःचा पाय ठेवला, आपल्या भेगा आणि आपली वाकडी करंगळी आईला दाखवली. दोघी हसल्या आणि आई उठून उभी राहिली. पुढच्या महिन्यात मी अक्कांच्या हाताखाली शिकायला गेले. आज माझे जे काही आहे ते तिथले आहे.

हा धंदा अक्कांच्या घरचा नव्हे. त्या बौद्ध कुटुंबातल्या. एका म्हाताऱ्या कारागिरांकडे वरचे भाग शिवायला म्हणून गेल्या आणि बघता बघता फरमा, म्हणजे पायाचा लाकडी साचा, स्वतः तासायला शिकल्या. नातेवाइकांनी बोल लावले. आपण गावकीची कामे टाकून दिली आणि तू पुन्हा चामड्याला हात लावतेस का, असे भावकीतले नाना भर लग्नात बोलले होते. अक्कांनी उत्तर दिले, ते काम गाव सांगायचे म्हणून करावे लागे, हे मी सांगते म्हणून होते. नानांचे समाधान झाले नाही. आता अक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघालेल्या याच गौरवग्रंथात त्यांचा आशीर्वादपर संदेश छापला आहे, तो वाचकांनी अवश्य वाचावा.

दुसऱ्या बाजूनेही काही कमी नव्हते. चोपड्याच्या एका केळीवाल्या मोठ्या घरात सुनेचे माप घ्यायला आम्ही गेलो, तर आम्हाला गोठ्याशेजारी बसवले. अक्का शांतपणे म्हणाल्या, काही हरकत नाही, सूनबाईंनाही इथेच पाठवा. घरात बरीच कुजबुज झाली. शेवटी सूनबाई गोठ्यापाशी आल्या आणि शेणाच्या वासात कागदावर उभ्या राहिल्या. पाणी मात्र आम्हाला कुणी विचारले नाही. ते जोडे सुंदर झाले होते. मला ते बिघडावेत असे वाटत होते आणि तसे मी बोलूनही दाखवले, तर अक्का म्हणाल्या, पायाने काय केले आहे?

अक्कांच्या कामाचा विशेष काय, असे मला हस्तकलेच्या परिसंवादांतून विचारतात. मी जोडव्यांचे उत्तर देते. बाजारातला बूट हा जोडवी नसलेल्या पायावर बेतलेला असतो. आपल्याकडची बाई जोडवी काढत नाही, मग बूट चढवला की जोडवे शेजारच्या बोटात रुतते. आयुष्यभर ते बोट सोलते आणि बाईला वाटते, बूट असाच असतो. अक्का फरम्यावर दुसऱ्या बोटाशी चामड्याची बारीक चकती चिकटवत. त्यामुळे बुटाला तिथे किंचित फुगवटा येई. दिसायला तो थोडा गमतीशीरच, पण पाय आत गेला की बाईचा चेहरा बदलायचा.

वडील गेले तेव्हा घर भेटायला येणाऱ्यांनी भरलेले होते. अक्काही आल्या. निघताना त्यांनी स्वतःच केलेले आईचे बूट मागून घेतले. मला कळेना. चार दिवसांनी बूट परत आले, तेव्हा आतून, दुसऱ्या बोटापाशी, मऊ अस्तराची एक घडी बसवली होती. जोडवी उतरली होती, बूट तिथे सैल झाला असता आणि आईला प्रत्येक पावलाला ते जाणवत राहिले असते. बाकीचे सगळे आईच्या कपाळाकडे बघत होते. अक्कांनी पायाकडे पाहिले.

संपादकांनी मागितलेला प्रसन्न मजकूर इथे संपला. संपादकांची क्षमा मागते.

या गौरव समितीचे सन्माननीय अध्यक्ष हे पादत्राणांचे मोठे व्यापारी आहेत. धुळ्यात आणि जळगावात त्यांची प्रशस्त दालने आहेत. त्यांच्या मातोश्रींचे बूट अक्कांनी केले होते. ते पाहून शेठजींनी प्रस्ताव मांडला की दालनात अक्कांचे नाव आणि फोटो लावू, गिऱ्हाइके तिथे माप देतील आणि जोडे अक्का करतील. अक्कांनी होकार दिला. काही काळ तसे चाललेही. मग दालनात मापाला गिऱ्हाईक येईना, ऑर्डरी कमी झाल्या, आणि एक दिवस माझ्या हातात खोके पडले. त्यावर सोनेरी अक्षरांत "सिंधूअक्का" आणि खाली अक्कांचा हसरा फोटो. आतला जोडा दूरच्या कारखान्यात यंत्रावर निघालेला, ठरावीक नंबराचा. नक्षी हुबेहूब अक्कांची होती. फक्त दुसऱ्या बोटाचा फुगवटा काढून टाकला होता. जाहिरातीत तो चांगला दिसत नव्हता म्हणे.

जिने जन्मभर मापाशिवाय जोडा केला नाही, तिच्या नावावर बिनमापाचे जोडे विकले जाऊ लागले. अक्कांनी ते खोके पाहिले आणि बंद करून ठेवले. मी चिडले, वकिलाकडे जाऊन आले. तोंडी होकार दिलेला आहे, प्रकरण वर्षानुवर्षे चालेल, असे ते म्हणाले.

त्यानंतर पहूरच्या बाई आल्या. त्या निवृत्त बालवाडीशिक्षिका, अक्कांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना मधुमेह आहे आणि पायाची जाणीव बरीच गेलेली आहे. पहूरहून धुळे लांब पडते, जळगाव जवळ. तिथे अक्कांचा फोटो पाहून त्यांनी विश्वासाने जोडा घेतला. जोडवे बोटात रुतत गेले आणि त्यांना कळलेच नाही. जखम चिघळली, बोट काढावे लागले. अक्कांना जाब विचारायला त्या आल्या नव्हत्या. त्यांनी तो जोडा पिशवीतून काढून फरशीवर ठेवला आणि संकोचाने विचारले, "अक्का, या वेळी माप चुकलं का हो तुमचं?"

मी सांगायला तोंड उघडले की बाई, हा जोडा अक्कांचा नव्हेच. अक्कांनी हाताने मला थांबवले. "नाव मनं शे," त्या म्हणाल्या, "म्हनजे चूक बी मनीच." मग उभ्याने माप घेण्याचा आपला नियम मोडून त्यांनी बाईंना खुर्चीत बसवले, पट्टी बांधलेला पाय मांडीवर घेतला आणि माप घ्यायला लागल्या. हे मी कुठल्याही परिसंवादात सांगितलेले नाही.

दुसऱ्याच दिवशी अक्का शेठजींच्या दालनात गेल्या. मी बरोबर होते. आमचे स्वागत झाले, थंड सरबत आले. अक्कांनी ग्लासाला हात लावला नाही. "भाऊ, मनं नाव काढी टाका," त्या म्हणाल्या. शेठजी हसले. म्हणाले, अक्का, तुमचे नाव आम्ही साऱ्या खान्देशात मोठे केले, आणि तुम्ही हे काय बोलता? अक्का उठल्या. "मोठं नको. मना मापनंच ऱ्हाऊ द्या."

शेठजींनी विचार करतो म्हणून सांगितले. त्या विचारातून हा अमृतमहोत्सव निघाला. समिती झाली, ग्रंथ ठरला, शाल आणि मानपत्र आले. त्याच व्यासपीठावर "सिंधूअक्का" मालिकेतल्या खास अमृतमहोत्सवी जोड्याचे अनावरण आहे, हे निमंत्रणपत्रिकेत अगदी खाली बारीक अक्षरांत छापले आहे. सत्कार घेतलेल्या माणसाने पुन्हा तक्रार करायची नसते, हा हिशेब मला समजतो. तो अक्कांनाही समजला आहे. खोक्यावरून माझे नाव काढून टाकलेत तर मी व्यासपीठावर येते, एवढे त्यांनी कळवले होते. समारंभानंतर बघू, असे उत्तर आले. हा लेख मी छपाईला देत आहे तोवर अक्का येणार की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. सध्या त्या पहूरच्या बाईंच्या चार बोटांच्या पायासाठी फरमा तासत आहेत.

माझ्या लेखातली एक ओळही गाळायची नाही, असे संपादकांकडून मी कबूल करून घेतले आहे. आपण हे वाचत असाल तर ते शब्दाला जागले, त्यांचे आभार.

अशा लेखाच्या अखेरीस सत्कारमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचे असते आणि त्यांचे नाव अजरामर होवो असेही लिहायचे असते. पहिले मी मनापासून लिहिते. अक्का, तुमची नजर शाबूत राहो, गुडघे साथ देवोत, हातातली चामडे कापायची रापी कधी न सुटो, शंभरी तुम्ही चालत गाठा. दुसरे माझ्याच्याने लिहवत नाही. तुम्ही इतके जगा, की त्या खोक्यावरचे तुमचे नाव तुमच्या डोळ्यांदेखत मरावे.