कमळबाईंच्या वाडीत सॉरी चालत नाही

श्रीवर्धनच्या कमळबाईंचं तोंड असं, की बाजारात भावावरून हुज्जत घालायला दलालसुद्धा दोघं मिळून यायचे. नवरा गेल्यावर पोफळीची वाडी त्यांनी त्या तोंडावरच चालवली.

नात हेमाली चार वर्षांची झाली तरी बोलेना. मिक्सर लागला की कान झाकून किंचाळायची. पनवेलच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. नातेवाइकांनी ताईत, नवस आणि सुनेच्या म्हणजे सोनलच्या बाळंतपणातल्या चुका सांगितल्या. कमळबाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि पुन्हा येऊ नका म्हणून बजावलं. मग देवघरात जाऊन देवालाही झापलं.

एकदा लग्नाचा बेंजो दारावरून गेला तशी हेमाली वाडीत पळाली आणि पाटाच्या वाहत्या पाण्यात फतकल मारून बसली. सोनल तिला उचलायला धावली, पण पोर गप्प झाली होती, पाण्यात बोटं नाचवत होती. कमळबाईंनी सुनेला अडवलं. जरा वेळाने सोनलही पाण्यात पाय सोडून बसली. कित्येक महिन्यांनी तिचे खांदे सैल पडले होते. तेव्हापासून रोज दुपारी दोघी पाटावर असायच्या.

थेरपीच्या ठिकाणी सोनलला अशाच मुलांची घरं भेटायची. त्यांनाही बोलव, म्हणाल्या कमळबाई. पहिल्याच रविवारी उरणचा ट्रकवाला रितेश बायको प्रणाली आणि मुलगा पियूष यांना घेऊन आला. पियूषने आल्या आल्या अंगातले कपडे काढून फेकले आणि वाळत घातलेल्या सुपाऱ्या उधळल्या. रितेश सॉरी म्हणत मागे मागे. एकदा तर तो चुकून पोफळीलाच सॉरी म्हणाला.

"कपडे पोराने काढले, तू कशाला लाजतोस?" कमळबाई म्हणाल्या. "आता जितक्यांदा सॉरी बोलशील तितक्या झावळ्या उचलायच्या."

दुपारपर्यंत निम्मी वाडी साफ झाली. मग रितेशने पियूषला पोफळीच्या विरीवर, म्हणजे गळालेल्या झावळीच्या रुंद बुंध्यावर, बसवलं आणि देठाला धरून फरफट ओढलं. पियूष खदाखदा हसला. हे बघायला रितेशने प्रणालीला हाक मारली, तर ती चटईवर तोंड उघडं टाकून घोरत होती.

"झोपू दे तिला," कमळबाई म्हणाल्या. "पोर काय, परत हसंल."

आता महिन्यातून एकदा वाडी भरते. सगळे रविवार गोड नसतात. एका पोरीने कमळबाईंच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तेव्हा त्यांनी टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं आणि दात मजबूत आहेत म्हणून तिच्या आईला शाबासकी दिली.

हेमाली अजून बोलत नाही म्हणायला हरकत नाही. फक्त गेल्या थंडीत एक माकड तिच्या हातचं केळं घेऊन पळालं, तेव्हा ती स्पष्ट म्हणाली, "मेल्या!"

सोनल रडत, हसत सासूकडे बघायला लागली. हा शब्द घरात दुसरं कोण वापरणार?

पुढे कित्येक महिने हेमाली काही बोलली नाही. कमळबाईंनी मात्र तो शब्द अख्ख्या आळीला ऐकवला.