शेळीने सांगितलेला भाव

मी इंग्रजीत छापून आलेला माणूस आहे. परदेशातल्या कुठल्याशा शहरात, थंडगार सभागृहात, आमच्या बाजारावरचा शोधनिबंध वाचला गेला आणि ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, असं मला सांगण्यात आलं. त्या निबंधात माझं नाव मात्र नाही. तिथे मी 'सहभागी क्रमांक चार' आहे. आमच्याकडे बैलालासुद्धा नाव असतं. विद्यापीठाने मला नंबर दिला.

त्याच निबंधात क्रमांक चारबद्दल एक वाक्य आहे: या माणसाचा नव्या तंत्रज्ञानावर विश्वास कमी आहे. ते वाक्य अजून माझ्या घशात अडकलेलं आहे. विश्वास कमी आहे, हे बरोबर लिहिलं. तो कोणी कमी केला, हे लिहायला मात्र त्यांना जागा पुरली नाही. म्हणून मी लिहितो.

मी बैलांचा दलाल. वडील लोकांची गुरं राखायचे. मी बाजारात बैलांना पाणी दाखवायचो आणि दलालांच्या दुपट्ट्यांकडे बघत राहायचो. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मी स्वतःचा दुपट्टा खांद्यावर टाकला. पुढे कारध्याला घर बांधलं ते याच दुपट्ट्यावर. कोणी मला काही फुकट दिलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची मला सवयही नाही.

आमचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल आणि समोरचा माणूस हातात हात घेतात, वरून दुपट्टा टाकतात आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. भोवती माणसं कितीही असोत, कोणाला काही कळत नाही. शिकलेल्या माणसाला वाटतं, यात काहीतरी चोरी आहे. असेल कुठे कुठे. पण दुपट्टा खरा झाकतो तो विकणाऱ्याची अब्रू. बैल कमी भावात गेला तरी तो माणूस घरी जाऊन, पारावर बसून, आपल्याला शोभेल तो भाव सांगू शकतो. भाऊबंद टोमणे मारत नाहीत, बायको तोंडाला पदर लावून हसत नाही. दुपट्ट्याखालचा भाव एक आणि गावात सांगायचा भाव दुसरा. हे दोन्ही भाव जो सांभाळतो तो दलाल. बाकीचे नुसते दोर धरणारे.

उन्हाळ्याच्या तोंडावर विद्यापीठाची गाडी लाखनीकडच्या आमच्या बाजारात येऊन उभी राहिली. त्यातून एक प्राध्यापक उतरले आणि त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी एक मुलगी उतरली. माणसाचं आणि संगणकाचं एकमेकांशी कसं जमतं, हा त्यांचा अभ्यास. त्या दोघांचं आपसात फारसं जमत नाही, हे मला गाडीपाशीच कळलं. पेट्या ती उतरवत होती आणि कशा उतरवायच्या ते प्राध्यापक सांगत होते.

"आपली ही जी स्पर्शाची भाषा आहे ना," प्राध्यापक मला म्हणाले, "ती फार दुर्मीळ आहे. आम्हाला तिचं जतन करायचं आहे."

"करा ना जी," मी म्हटलं. "एखादी बैलजोडी घेऊन टाका. आपोआप जतन होते."

मुलगी हसली. प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं.

त्यांनी एक काळा हातमोजा आणला होता. बोटाबोटाला वायर, सगळ्या वायरी मनगटावरच्या डबीत. कोणतं बोट दाबलं ते डबी संगणकाला कळवणार, आणि पुढे कधीतरी मुंबईत बसलेला व्यापारी असाच मोजा घालून इथल्या बैलाचा भाव करणार.

"मुंबईत बसून तो बैलाचे दात कसे पाहील?" मी विचारलं.

"तो पुढचा टप्पा आहे," प्राध्यापक म्हणाले.

माझ्याआधी विचारलेल्या तिन्ही दलालांनी त्यांना वाटेला लावलं होतं. मी तयार झालो, पण अटी घालून. पहिली अट, निबंधात माझं नाव पाहिजे. ते नियमात बसत नाही म्हणाले. सहभागी माणसाची ओळख झाकून ठेवावी लागते. "म्हंजे तुम्हीबी दुपट्टा टाकता," मी म्हटलं. दुसरी अट, भाव संगणकाच्या बाहेर जाणार नाही. ही त्यांनी छातीवर हात ठेवून लगेच मान्य केली. इतक्या लवकर मान्य होणाऱ्या गिऱ्हाइकावर मी एरवी नजर ठेवतो. पण समोर प्राध्यापक होते, बैलवाला नव्हता.

त्या बाजाराला करडी गावचा एक म्हातारा आपला बैल घेऊन आला. मी त्याला मामाजी म्हणायचो. माझ्या पहिल्या सौद्यांपैकी एक सौदा त्याचा होता, आणि मग करडीची निम्मी गुरं त्याच्या शब्दावर माझ्याकडे यायला लागली. त्याच्या या बैलाने एके काळी पट गाजवले होते. पट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. एका पटावर बैलाला भारी मागणी आली, म्हाताऱ्याने ती धुडकावली, आणि ती धुडकावल्याची गोष्ट करडीच्या माणसांना पाठ झाली होती. दर वेळी मागणीचा आकडा थोडा वर सरकलेला असे. आता बैलाचं वय झालं होतं, मागचा पाय धरत होता. म्हातारा आधीच येऊन माझ्या कानात सांगून गेला होता, "चांगल्या घरी गेला पाह्यजे. भावाचं तू पाह्य. पन गावात समजलं नाही पाह्यजे, बापू."

घेणाराही मी चांगला पाहिला होता, लाखनीकडचा, गुरांवर जीव असलेला. त्याच्याशी भाव मी मोजा चढवण्याआधीच ठरवून ठेवला होता. आता फक्त म्हाताऱ्याचा होकार घ्यायचा होता.

"मामाजी, थांबा, हे लचांड काढतो," मी मोजा ओढत म्हटलं.

म्हाताऱ्याची नजर मात्र प्राध्यापकांच्या कॅमेऱ्यावर होती. "काहून काढून राहिला? राहू दे. माह्या बैलाचा सौदा मशीनवर झाला, असं सांगतो गावात."

त्या दिवशी विद्यापीठातून प्राध्यापकांचे कोणी वरचे पाहुणे आले होते. त्यांच्यासाठी मांडवाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. आणि त्यांना दाखवायला यंत्रात एक नवी सोय बसवली होती. लिहितावाचता न येणाऱ्या शेतकऱ्याची अडचण होऊ नये म्हणून यंत्र आता भाव बोलून दाखवणार होतं. बोलणारी पेटी खुर्च्यांच्या मागे होती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलीने सकाळीच नको म्हटलं होतं म्हणे, पण तिचं ऐकतो कोण.

मी दुपट्टा टाकला. म्हाताऱ्याची बोटं दाबली. त्याने डोळे मिटले, बैलाकडे पाठ फिरवली आणि उलट एकदा दाबून होकार दिला. तेवढ्यात मागून बसस्टँडवरच्या बाईसारखा गोड आवाज आला, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढा:

"आपल्या बैलाची किंमत आहे..." आणि पुढे आकडा. "धन्यवाद."

तो आकडा मी आजही लिहिणार नाही. तो म्हाताऱ्याचा आहे.

मग करडीच्याच कोणीतरी आवाज दिला, "मामाजी, बैल इकला का बकरा?" दुसरा म्हणाला, "काबे, पटावरच्या मागनीचे शून्य रस्त्यात सांडले का?" हसण्याची लाट पार चहाच्या टपरीपर्यंत गेली.

म्हाताऱ्याने हात काढून घेतला. "तुह्या भरोश्यावर आलो होतो," एवढंच बोलला. खुंट्यावरून बैलाचा कासरा सोडला आणि सौदा न करता त्या पायाने अधू बैलाला घेऊन चालता झाला.

माझं डोकं फिरलं. मोजा हिसडून काढला आणि प्राध्यापकांच्या पायांशी फेकला. "नासवला ना माहा बजार! कोन म्हटलं तुम्हाले वरडून सांगा म्हनून? ज्याले वाचता येत नाही, त्याले अब्रू नसते काय?" प्राध्यापक म्हणाले, "आपण शांत व्हा, ही प्राथमिक चाचणी आहे." मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. आमची ही अशी बातचीत चालू असताना शेजारच्या दावणीची एक शेळी पुढे आली आणि तिने मोजा तोंडात घेतला.

"आपल्या बैलाची किंमत आहे..." पेटी म्हणाली, आणि एवढा आकडा बोलली की त्यात अख्खा बाजार दावणीसकट आला असता. "धन्यवाद."

शेळीने पुन्हा चावलं. पेटीने पुन्हा किंमत सांगितली. पाहुण्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर माझ्या दुपट्ट्याखाली कोणी हात घालेना. माणसं दुरूनच राम राम करून दुसऱ्या दलालाकडे वळायची. म्हाताऱ्याचं त्याहून वाईट झालं. करडीत तो पारावर आला की कोणीतरी बाईचा आवाज काढून म्हणायचं, "आपल्या बैलाची किंमत आहे... धन्यवाद." त्याने पारावर बसणं सोडलं. मी त्याच्या घरी गेलो तर मामीजी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "घरी नाहीत," म्हणाल्या. आतून त्याचा खोकला ऐकू येत होता. मी त्या खोकल्यालाच राम राम करून परत आलो.

पावसाळा सरल्यावर प्राध्यापक आणि ती मुलगी माझ्या घरी आले. दुसरी चाचणी बाकी होती, आणि बाजारात दुसरं कोणी त्यांना उभं करेना. मी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

"उभा राहतो," मी म्हटलं. "पन आधी करडीले चला. पारावर उभे राहा आन् सांगा, मशीन खोटी बोलली."

"पण यंत्राने बरोबर सांगितलं होतं," प्राध्यापक म्हणाले.

"म्हनूनच तं."

"मी संशोधक आहे. मी खोटं कसं बोलू?"

"मी शिकवतो न जी. कायले घाबरता?"

ते तत्त्वावर आले, मी आवाजावर आलो. चहा तसाच राहिला. शेवटी ते ताडकन उठले आणि फाटकाकडे निघाले. मी थांबवलं नाही. बाजारात ज्याला खरंच जायचं असतं तो मागे वळून पाहत नाही. प्राध्यापकांनी फाटकापाशी मागे वळून पाहिलं.

तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, शेळीचं सांगूया ना. ते तर खरंच आहे."

करडीला पारावर तीच उभी राहिली. प्राध्यापक चपलेच्या टोकाने माती उकरत बाजूला थांबले. "त्या दिवशी आमचा मोजा शेळीच्या तोंडात होता," ती म्हणाली, "तेव्हाही आमच्या यंत्राने बैलाची किंमत सांगितली. खूप मोठी सांगितली. आमच्या यंत्राला अजून माणसाचा हात आणि शेळीचं तोंड यातला फरक कळत नाही." यातला शब्द न शब्द खरा होता.

"मंग मामाजीच्या बैलाचा भाव?" कोणीतरी विचारलं.

"जे यंत्र शेळीचं ऐकतं, त्याचं तुम्ही किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवा, काका."

लोक खदखदून हसले, पण या वेळी विद्यापीठाला हसले. म्हाताऱ्याचं घर पाराला लागूनच. दारातून आवाज आला, "मी तं त्याच दिशी म्हटलो होतो!" त्याने असं काहीएक म्हटलं नव्हतं. पण चहा येईपर्यंत तो पारावर आपल्या जुन्या जागी बसला होता आणि त्या दिवशी बोटांवर खरा भाव काय ठरला होता ते सांगत होता. पटावरच्या मागणीपेक्षा तो वरच होता. मी मान डोलावली. माझं कामच ते.

बैल लाखनीच्या त्या घरी गेला. उघड्या हाताने, दुपट्ट्याखाली, जुन्याच भावात. दुसरी चाचणीही मी करू दिली, पेटी गाडीत कुलूपबंद करून.

निबंध छापून आल्यावर मुलीने फोनवर मला मराठीत वाचून दाखवला. मोजा बोटांचे इशारे जवळपास नेहमी अचूक ओळखतो, असं त्यात लिहिलं होतं.

"आन् शेळी?" मी विचारलं.

"ती वगळली, काका."

"काहून?"

"सर म्हणाले, शेळीची संमती घेतलेली नव्हती."

ती हसत होती. मीही हसलो, पण नंतर माझ्या ध्यानात आलं. करडीच्या पारावर यंत्र खोटं, परदेशातल्या सभागृहात यंत्र खरं. एक भाव गावात सांगायचा, दुसरा आत ठेवायचा. माझा अख्खा धंदा प्राध्यापक उचलून घेऊन गेले, आणि वर मलाच नंबर लावून विश्वास कमी आहे म्हणून लिहून गेले.

म्हातारा पुढे नवी जोडी घ्यायला माझ्याकडेच आला. मी दुपट्टा काढला तसा म्हणाला, "थांब." भर बाजारात त्याने माझी बाही कोपरापर्यंत वर सारली, मनगट चाचपलं, पाची बोटं एकेक करून दाबून पाहिली, आणि माझ्या पाठीमागे काही ठेवलंय का तेही वाकून बघितलं.

"आत कोनी बोलत तं नाही ना?"

"नाही, मामाजी."

मग त्याने हात दिला. त्याचं पाहून बाकीच्यांनीही तेच धरलं. अजूनही बाजाराच्या दिवशी कोणी माझ्या दुपट्ट्याखाली हात घालण्याआधी मला बाही वर करावी लागते. मी हात पुढे करून गप्प उभा राहतो, दात पाहून घेईपर्यंत बैल उभा राहतो तसा.