पंचफुलेचा डावा पाय

वडनेरात कुणाच्या कमरेत उसण भरली की त्याला दवाखान्याच्या आधी पंचफुलेचं घर आठवायचं. पंचफुला पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, यावर गावात दुमत नव्हतं. सकाळी तोंड न धुता यायचं, ओसरीत पालथं पडायचं, पंचफुलेनं डावा पाय तीनदा कमरेला टेकवायचा आणि रोग्यानं मागे न बघता चालू लागायचं. कुणाकडून पसाभर ज्वारीसुद्धा घ्यायची नाही, घेतली तर गुण जातो. बहुतेकांना बरंही वाटायचं. उसण तशीही चार दिवसांनी आपली आपण उतरते, हे बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

तिच्या आईनं तिला एकच गोष्ट बजावून ठेवली होती. "पाय टेकवाचा, बाई. माराचा नाई."

शहात्तर सालच्या दिवाळीनंतर पंचफुलेनं पाय मारला. शेजारचा रूपराव, तिच्या नवऱ्याचा, लक्ष्मणरावाचा, लहानपणापासूनचा सोबती, दोघांच्या खांद्यावर हात टाकून आला होता. कमरेतून कळ निघून डाव्या पायात उतरते म्हणत होता. त्याच्यामागं ओसरीत आणखी पाच-सहा माणसं उभी. तिनं रीतीप्रमाणे पाय टेकवला, पण रूपराव म्हणाला, "काईच नाई झालं, वयनी. जोरानं हान." उभ्या माणसांतून कुणीतरी हसलं. पंचफुलेला ते हसू झोंबलं. तिनं खांबाला धरून टाच उचलली आणि तीनदा सगळ्या अंगाचा भार घालून हाणली. रूपराव ओरडला. लोक म्हणाले, निघाली उसण.

उसण कसली निघते! आठवड्याभरात रूपरावाचा डावा पंजा खाली लोंबायला लागला. चालताना बोटं मातीत अडकायची, चप्पल पायात राहायची नाही. बैलांमागं चालणारा माणूस ढेकळाला अडखळून पडायला लागला. गावानं खल केला आणि निष्कर्ष काढला की त्यानं घरी जाताना मागे वळून पाहिलं असणार. रूपरावालाही ते पटलं. तो देवाला शिव्या द्यायचा, कधी स्वतःच्या नशिबाला, पण पंचफुलेबद्दल त्यानं कधी वाकडा शब्द काढला नाही. आणि पंचफुलेनंही, खरं सांगायचं तर, त्या गोष्टीवर फार विचार केला नाही. मोठेपणा मिळालेल्या माणसाला विचार करायला सवड कुठे असते?

एकोणऐंशीच्या वेचणीत तिची पाळी आली. ओटीत कापूस भरलेला, ती खालच्या बोंडासाठी वाकली आणि कमरेत काहीतरी सटकलं. त्या दिवशी नुसती कंबर धरली. तिसऱ्या दिवशी कळ खुब्यात उतरली, तिथून मांडीच्या मागून पोटरीत, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत. बसलं तर कळ, उठलं तर कळ. शिंक आली तर डोळ्यांपुढं काजवे. चुलीपुढं बसवेना म्हणून ती उभ्यानं कणीक मळायची आणि मळता मळता रडायची.

"गावात कोणाले सांगू नका," तिनं लक्ष्मणरावाला बजावलं.

"अवं, पण काऊन? दुखनं काय चोरीचा माल हाय?"

"पायाळूले उसण भरत नाई म्हनते गाव. मलेच भरली म्हनलं तं कोन इन मंग आपल्या दारात?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. लक्ष्मणरावानं घरीच इलाज सुरू केले. निरगुडीचा पाला गरम करून बांधला, मोहाच्या बियांचं तेल चोळलं, विटेनं शेकलं. आजार हत्तीच्या पायानं येतो आणि मुंगीच्या पायानं जातो म्हणतात. हा मुंगीच्या पायानंही जाईना. आणि सकाळी ओसरीत माणसं पालथी पडतच होती. पंचफुला खांबाला धरून डावा पाय उचलायची, दातावर दात दाबायची, कपाळावर घाम यायचा. लोक म्हणायचे, बाईच्या अंगात आता जास्तच शक्ती संचारते.

एक दिवस तिच्या डाव्या पायातली चप्पल अंगणात राहिली आणि ती चार पावलं पुढे गेल्यावर तिला कळलं. चप्पल कधी सुटली, ते पायाला समजलंच नव्हतं. असं चाललेलं माणूस तिनं पाहिलेलं होतं, रोज पाहत होती. आपला पाय रूपरावासारखा होणार, या भीतीनं तिला त्या दिवशी घास गिळवेना. गावाची लाज मागं पडली. पाय वाचला पाहिजे, एवढंच उरलं.

पण बाई गेली कुठं? दवाखान्यात नाही. दुसऱ्या पायाळूकडे! गिरडच्या पलीकडे जंगलाच्या कडेला पुनाजी नावाचा म्हातारा गोंड होता, त्याच्या पायाचा लौकिक मोठा. लक्ष्मणरावाला सोबत घेतलं आणि गावाला सांगितलं की गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला नवस फेडायला चाललो. बसमध्ये एका भल्या माणसानं तिला जागा दिली, तर ती म्हणाली, "बसा तुमी, मले उभं राहाची सवय हाय." हिंगणघाटपासून दांडीला धरून उभी राहिली आणि खड्ड्यागणिक मनात त्या ड्रायव्हरचा उद्धार करत गेली.

पुनाजीच्या अंगणात दहा-बारा माणसं बसलेली. पंचफुला तिच्या नंबराला रीतीप्रमाणे पालथी पडली. म्हाताऱ्यानं पाय उचलला नाही. तो उकिडवा बसला आणि त्यानं तिचा पंजा हातात घेतला.

"अंगठा वर कर, बाई."

तिनं केला. उजवा झाला. डावा अर्ध्यात थरथरला आणि पडला.

"मी पाय नाई लावत," पुनाजी म्हणाला.

"बाबा, लई दुरून आली. मी बी पायाळूच हावो."

"मंग तं तुले समजाले पायजे व्हतं. कमरंतली उसण येगळी. पायात उतरली, अंगठा पडला, म्हंजे नस दबली. तिच्यावर पाय देल्ला तं पाय जाते. आजच वर्ध्याले ने हिले, भाऊ. मोठ्या दवाखान्यात."

मागचे लोक कुरकुरले. म्हाताऱ्याचा गुण गेला म्हणून एक जण हसलाही. पुनाजीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही, पुढच्या माणसाला बोलावलं. सोनारानंच कान टोचले म्हणून पंचफुलेला ते ऐकावं लागलं. पण उठताना तिला ओसरीतलं ते जुनं हसू आठवलं आणि शरमेनं मान वर होईना. हसणारे दोन्हीकडे होते, फक्त या म्हाताऱ्यानं टाच उचलली नव्हती.

वर्ध्याला तिला लाकडी फळीवर निजवलं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला खाटेच्या पायथ्याशी लोंबणारी वजनं. तीन आठवडे छताकडे बघत काढले. पहिले दहा दिवस तिनं सगळ्या देवांना नावं घेऊन बोलावलं, एकही आला नाही. डॉक्टरीणबाई मात्र रोज यायच्या, अंगठा वर करायला लावायच्या, वहीत काही लिहायच्या. मग एका दुपारी शेजारच्या खाटेवर कुणी तिखटाची फोडणी दिलेली भाजी उघडली आणि पंचफुला सटासट तीनदा शिंकली. शिंकून झाल्यावर ती कळेची वाट बघत राहिली. कळ आली नाही. ती हसायला लागली आणि तिला थांबता येईना. त्यानंतर अंगठाही हळूहळू उठायला लागला. पुढं उताणं निजून पाय उचलायचे, गुडघे छातीशी घ्यायचे, असे व्यायाम शिकवले. जड उचलायचं नाही, कमरेतून वाकायचं नाही.

"वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणी पाठीवर लाथ-बिथ मारली नाही ना? खेड्यात मारतात."

"नाई," पंचफुला म्हणाली. मग तिनं विचारलं, "मारली असती तं?"

"नस आधीच दबलेली. पंजा कायमचा पडला असता, कदाचित."

"अन् तीन वर्स झाले असले तं? इलाज व्हते का?"

"पहिल्या काही दिवसांत आणलं असतं तर बघता आलं असतं. आता तीन वर्षांनी..." बाईंनी मान हलवली. "कुणाचं विचारताय?"

पंचफुलेनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी जेवण तसंच परत गेलं.

ती पायी चालत गावात शिरली, तेव्हा ऐंशी सालचा उन्हाळा लागला होता. वर्ध्याची बातमी तिच्या आधीच पोचली होती. बाई मरता मरता वाचली, देवानं तिचा पाय परत दिला, आता तर गुण दुप्पट झाला असणार, असं गावानं ठरवूनही टाकलं. मूठ तर उघडली होती, पण तिचे सव्वा लाख कमी व्हायच्या ऐवजी वाढलेच. दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी रूपराव आला. काठी टेकत, पंजा घासत. तोंड न धुता.

"वयनी, मी तीन वर्स वाट पाह्यली," तो ओसरीत पालथा पडत म्हणाला. "तवा मी मागं पाह्यलं असन, गुण अर्धवटच राह्यला. आता तुह्या पायात दम आला म्हनते. एकडाव लाव. जोरानं."

पंचफुला खांबाजवळ उभी राहिली. गप्प बसणं सोपं होतं. हलका पाय टेकवावा, तीनदा, आणि जाऊ द्यावं. तो आशेवर आणखी तीन वर्षं काढेल. लक्ष्मणराव दारातून तिच्याकडे बघत होता आणि त्यालाही तेच वाटत असावं.

ती रूपरावाच्या शेजारी खाली बसली.

"भाऊजी, तुमी मागं वळून नाई पाह्यलं. देवानं बी काई नाई केलं. तुमची नस दबली व्हती. मी टाच हानली, म्हून तुमचा पाय गेला. डॉक्टरीणबाईनं सांगतलं. आता तो येत नाई."

रूपराव हलला नाही. त्याचा गाल शेणानं सारवलेल्या जमिनीला टेकलेला होता. ती बोलत राहिली. लोक हसले म्हणून हाणली, आईनं सांगितलं होतं तरी हाणली, पुनाजीनं माझ्या वेळी पाय आवरला आणि मला तुमच्या वेळी आवरता आला नाही. सगळं सांगून झाल्यावर तिला वाटलं, आता हा उठेल आणि काठी घालेल आपल्या डोक्यात. घातली असती तर बरं वाटलं असतं.

"काऊन सांगतलं, वयनी?" तो जमिनीशीच बोलला. "तीन वर्स मी देवाले शिव्या देल्या. देव दूर हाय, त्याले देता येते. तू तं भिंतीपल्याड राह्यतेस."

रूपरावानं एक हात वर केला.

"उठव आता मले."

जड उचलू नको म्हणून बजावलेलं होतं. तिनं दोन्ही हात त्याच्या काखेत घातले आणि त्याला उचलून उभं केलं, काठी हातात दिली. तो तिच्याकडे न बघता अंगण उतरला. पंजा मातीवर घासत गेल्याचा आवाज भिंतीच्या पलीकडे त्याचं दार लागेपर्यंत येत राहिला. पंचफुला खांबाला न धरता उभी होती. तिचा पाय त्या दिवशी अजिबात दुखत नव्हता.