देवाला घातलेलं छप्पर

सहलीची गाडी सुटण्याआधी जमादारबाई दारात कापडी पिशवी पसरून उभ्या राहायच्या. "पत्ते टाका, ट्रान्झिस्टर टाका. तपकीर असू दे. आणि सुनांच्या तक्रारी हितंच स्टँडवर ठेवायच्या, कुणी चोरून नेत न्हाई." साठी उलटलेली माणसं, त्यांच्या बायका, मुलं, सुना, नातवंडं, सगळे मुकाट्यानं पिशवीत आपापलं टाकून आत चढायचे. एकदा एका निवृत्त फौजदारांनी ट्रान्झिस्टर उपरण्याखाली लपवला आणि पन्हाळ्याच्या वाटेवर हळूच क्रिकेटचा स्कोअर लावला. बाईंनी गाडी थांबवायला सांगितली. "पावणं, तुम्ही हितं झाडाखाली बसून म्याच ऐका. आम्ही गड बघून येताना तुम्हाला घेतो." फौजदारांनी हात जोडले तेव्हा गाडी हलली.

नूरजहाँ जमादार आमच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायच्या आणि मी मराठी. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत प्रासंगिक कराराची एसटी घेऊन त्या या सहली काढत, आणि मी मदतीला असे. पोरांच्या सहली सोडून म्हाताऱ्यांच्या कशाला, असं हेडमास्तरांनी विचारलं तर म्हणाल्या, "पोरांना शिकवायला सगळं गाव बसलंय. नोकरी सुटल्यावर माणूस पारावर बसून दुसऱ्यांच्या लेकीबाळींच्या चौकशा करतो, त्याला कोण शिकवणार?"

हे वाचून कुणाला वाटेल, मी बाईंचं कौतुक करायला बसले आहे. कौतुक करणारे रग्गड झाले. त्या गेल्यावर जे जे उठून त्यांच्याबद्दल गोड गोड बोलले, त्यातल्या निम्म्यांनी त्यांचं काळीज जाळलं होतं. मला त्या माणसांचा राग आहे. त्यांत माझे वडीलही आले.

बाईंची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे आजऱ्याच्या पुढं एका वाडीची देवराई. देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी न्यायची नाही. मधोमध शेंदूर फासलेला एक ओबडधोबड दगड, तोच देव. त्याच्यावर छप्पर नाही, कधीच नव्हतं. तिथला गुरव पहिल्याच वर्षी म्हणाला होता, "ह्या देवाला छप्पर चालत न्हाई, बाई. त्याला आभाळ लागतंय." बाईंनी ते सगळ्यांना मोठ्यानं पुन्हा सांगितलं आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच्या चपला काढल्या. देवाजवळ चार वीरगळ उभे होते, लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड. त्यांच्यासमोर बाई म्हाताऱ्यांना मांडी घालून बसवत. "खालच्या चौकटीत हा लढतोय. मधल्या चौकटीत मेला, आणि ह्या बाया त्याला वर नेतायत. सगळ्यात वर तो महादेवापुढं बसलाय. नाव कुणालाच म्हाईत न्हाई. गावाची गुरं सोडवायला गेला आसंल आणि ऱ्हायला तिकडंच." नातवंडांचीही चुळबूळ थांबायची.

आणि तो बेहडा. चौघांनी हात धरले तरी कवेत न येणारा. त्याच्या ढोलीत दर उन्हाळ्यात धनेश पक्ष्याची मादी स्वतःला कोंडून घ्यायची, दार चिखलानं लिंपायची आणि बारीक फटीतून नर तिला फळं भरवायचा. आम्ही लांब जमिनीवर बसायचो. शिंकायचंसुद्धा नाही. माझे वडील, आबा, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. घरी पाण्याचा तांब्या उचलून घेत नव्हते. ते तिथं तास तास बसून त्या नराच्या खेपा बघायचे आणि परत आल्यावर आईला म्हणायचे, "बघ, कसा बायकोला भरवतो." आई म्हणायची, "तुम्ही बघूनच या फक्त."

एका दिवाळीच्या सहलीत अवकाळी पाऊस आला. आम्ही सगळे झाडांखाली आडोशाला उभे होतो आणि देव भिजत होता. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपण कोरडे आणि देव ओला," ते मला म्हणाले. मी म्हटलं, आबा, त्याला तसंच आवडतं, गुरव सांगतो ना. त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, विषय संपला.

विषय कुठला संपतोय. कोल्हापुरात परत आल्यावर आबा आणि सहलीतल्या पाचसहा वजनदार मंडळींनी वर्गणी जमवली. वाडीत जाऊन आले, सरपंचाला भेटले, गवंडी ठरवला. मला सांगितलं नाही, कारण मी बाईंना सांगितलं असतं. आणि बाईंना तर मुद्दामच सांगितलं नाही. त्यांना एकदम नेऊन दाखवायचं आणि खूश करायचं, असा बेत होता. ही माणसं वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

मे महिन्यात गाडी तिथं पोचली. वाटेत सगळी मंडळी एकमेकांकडे बघून हसत होती. बाई नेहमीप्रमाणे चपला काढून पुढं चालू लागल्या आणि दहा पावलांत थांबल्या. पाय भाजत होते. जिथं भरदुपारी काळोख असायचा तिथं लख्ख ऊन पडलं होतं. समोर आरसीसीचा स्लॅब, गुलाबी ऑइलपेंट, लोखंडी जाळीचं दार. वीरगळ आडवे टाकून त्यांच्या पायऱ्या केल्या होत्या. लढणाऱ्या माणसावर सिमेंटचे शिंतोडे उडाले होते. बेहड्याचा नुसता बुंधा राहिला होता, त्याच्यावर कुणीतरी नारळ फोडत होतं.

बाईंनी गुरवाला विचारलं, "झाड का पाडलं?"

"सेंट्रिंगला फळ्या लागत हुत्या. आणि पानं पडून स्लॅब कुजंल म्हणाले."

"कधी?"

"चैतात." गुरव खाली बघत म्हणाला. "मादी आत हुती, बाई. पिल्लंबी हुती."

"आणि देवाला इचारलं न्हाई?"

"इचारलं की. कौल लावला." तिकडची रीत अशी, की देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "दोन येळा डावीच पडली. आबासाहेब म्हणाले, पाकळी नीट चिकटली न्हवती. तिसऱ्यांदा उजवी पडली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार तोच आबांनी बाईंना जवळ बोलावलं आणि भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवरचा रुमाल ओढला. देणगीदारांच्या नावांच्या वर, मोठ्या अक्षरांत, 'प्रेरणा : श्रीमती जमादारबाई'. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"माझं नाव काढा," बाई म्हणाल्या.

आबांचा चेहरा पडला. "अहो बाई, देवळाच्या पाटीवर तुमचं नाव घालायचं म्हणून मी सगळ्या गावाशी भांडलोय. लोक म्हणत होते, मुसलमान बाईचं नाव कसं घालायचं. मी म्हटलं, घालायचंच."

"उपकार झाले," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि ज्यांनी त्यांना चिडलेलं ऐकलं आहे त्यांना कळेल की ते किती वाईट होतं. "ह्यो देव माझा न्हवं, आबा. म्हणून मी हितं भिऊन वागत हुते. तुमचा हाय, म्हणून तुम्ही त्याचं घर उठवलं."

बाई गाडीत जाऊन बसल्या. बाकीच्यांनी दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, डबे सोडले. हो, जेवले. मला अजून ते डब्यांचे आवाज आठवले की डोक्यात तिडीक जाते.

घरी मी आबांशी भांडले. देवानं दोनदा नाही म्हटलं होतं, असं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "तिसऱ्यांदा हो म्हणाला की." आणि वर, "बाई मनाला फार लावून घेतात." शेवटपर्यंत त्यांना आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. दर वर्षी ते त्या देवळात अभिषेक करून येत.

बाईंनी सहली बंद केल्या. लोक घरी जाऊन विनवायचे, फौजदार तर दोनदा गेले. बाई चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "मी दाखवलं म्हणून तुम्ही बघितलं. बघितलं म्हणून तुम्हाला देवाची दया आली. न दाखवते तर ते झाड उभं ऱ्हायलं असतं." मी किती वेळा म्हटलं, बाई, चूक तुमची नाही, करणाऱ्यांची आहे. त्या मान हलवायच्या, पण ते त्यांना पटलं नाही. करणारे सुखानं झोपले आणि ह्या मात्र स्वतःला दोष देत राहिल्या, ह्या गोष्टीला मी कुणालाच माफ केलेलं नाही.

पुढं दर सुट्टीत बाई एकट्याच कुठंतरी जायच्या. सकाळच्या एसटीनं जायच्या आणि परत यायच्या तेव्हा पातळाला लाल माती लागलेली असायची, चेहरा मात्र निवळलेला. विचारलं तर म्हणायच्या, "पाय मोकळे करून आले."

त्या शेवटच्या दुखण्यात होत्या तेव्हा मी रोज शाळा सुटल्यावर जायची. एक दिवस त्यांना जरा बरं वाटत होतं. उशाला टेकून बसल्या आणि आपणहून म्हणाल्या, "शालन, अजून एक राई हाय. त्या वाडीपेक्षा मोठी. वीरगळ हायेत, धनेशाची जोडी हाय. एक झरा हाय, मे महिन्यातबी आटत न्हाई. मी तिथंच जात हुते."

मी म्हटलं, "बाई, कुठं आहे ती? मी एकटीच जाईन. कुणाला सांगणार नाही."

त्यांनी माझा हात हातात घेतला. जन्मभर जे काही कळलं ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरला नाही, त्या बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"न्हाई सांगत," त्या म्हणाल्या. "तू चांगली हायेस. पर आबाबी चांगलेच हुते."

मग त्यांनी पाणी मागितलं, आणि पुढच्या आठवड्यात त्या गेल्या.