साक्षीदार डोळा

माझी मावशी घाबरट आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि तिलाही ते मान्य आहे. घराबाहेर पडताना ती गॅस तीनदा बघते. कुलूप लावलं की त्याला लोंबकळून बघते. कोणी अर्धा तास उशिरा आलं, तर तेवढ्यात तिच्या मनात अपघात, दवाखाना आणि त्यापुढचंही सगळं होऊन गेलेलं असतं. अशा बाईने परक्या बायकांच्या डोळ्यांना लागणारी वस्तू बनवायचा धंदा का पत्करला, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

धंदा म्हणजे मेकअप काढायचं तेल. तरुणपणी मावशी नाटकात चेहरे रंगवायची. प्रयोग संपला की नट्या साबणाने तोंड खसाखसा घासायच्या. डोळे लाल, कातडी कोरडी, पापण्यांचे केस बेसिनमध्ये. ते बघवेना म्हणून तिने मागच्या खोलीत तेलं मिसळायला सुरुवात केली. सूर्यफुलाचं तेल भरपूर, हट्टी मस्कारा सुटावा म्हणून एरंडेल बेताचं, आणि तेलाचं पाण्याशी जुळवून देणारं एक द्रव्य. त्याला आम्ही मध्यस्थ म्हणतो. मध्यस्थ चांगला असेल तर पाणी लागताच तेल दुधासारखं पांढरं होतं आणि वाहून जातं. तो कमी पडला तर चेहऱ्यावर तवंग राहतो. वासाचा थेंबही ती घालत नाही, डोळ्यांना झोंबतो म्हणून.

तेल तयार झालं की ते आधी मावशीच्या डाव्या डोळ्यावर जातं. डाव्या डोळ्याला मस्कारा, काजळ, सगळा साज, उजवा कोरा. मग तेल लावून साज उतरवायचा आणि दोन्ही डोळे आरशात ताडून बघायचे. डाव्यात जरा लाली दिसली की सगळं तेल बाद. उजव्या डोळ्याला ती साक्षीदार म्हणते. अकरा वर्षं हा कारभार चालू आहे. एक डोळा नटीचा आणि एक मावशीचा, अशा अवतारात ती दार उघडते तेव्हा कुरियरवाला सही घ्यायचंही विसरतो.

त्या सोमवारी सकाळी मी बाटल्यांना लेबलं लावत होते. नाटकातली एक मेकअपवाली आमची जुनी गिऱ्हाईक, तिचा फोन आला.

"ताई, तुमच्या नव्या बाटलीने धुरकट दिसतंय हो. काचेवर वाफ धरावी तसं."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. जुना मध्यस्थ बाजारात मिळेना, म्हणून या खेपेला तिने दुसऱ्याकडून घेतला होता. तीनदा तपासला होता, तरीही. त्या तेलाच्या छत्तीस बाटल्या छत्तीस घरी पोचल्या होत्या.

ती उठली, उजव्या डोळ्यावर तळवा दाबला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिली.

"मधल्या तारखा दिसतात गं," ती म्हणाली. "कडेचे रकाने पुसल्यासारखे झालेत. माझा डोळा गेला. तेलाने गेला."

मी उसनं अवसान आणलं. "साक्षीदाराने बघ ना एकदा."

"त्याला काय बघायचं? त्याला कधी थेंब लागलाय?"

मला ते पटलं. आता आठवलं की स्वतःच्या अकलेची कीव येते.

मी मेकअपवालीला उलट फोन लावला. खोदून विचारल्यावर कळलं, की या बाईंनीच कोरड्या तोंडावर लावायचं तेल ओल्या तोंडावर चोळलं होतं. ते तिथेच पांढरं होऊन डोळ्यात उतरलं. धुऊन तासाभरात सगळं लख्ख दिसायला लागलं होतं.

"बघ, उगाच घाबरलीस," मी म्हटलं.

"तिचं धुरकट दिसणं गेलं. माझं कुठे गेलंय?"

दुपारपर्यंत मावशीने छत्तीस फोन केले. "बाटली वापरू नका, माझं चुकलंय," एवढंच ती सांगत होती. मी म्हटलं, आधी डॉक्टर तरी बघू देत, अकरा वर्षांचं नाव मातीत घालशील. ती म्हणाली, "आणि तोवर एखादीचा डोळा गेला तर?" आणि तिने पुढचा नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवून दोन्ही डोळे निरखले. आणखी दोन तपासण्या झाल्या. मी जीव मुठीत धरून शेजारी उभी होते.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. डाव्यापेक्षा उजव्याचं नुकसान जास्त झालंय."

"उजव्याचं?" मावशी ताठ झाली. "अहो, उजव्याला मी कधी काही लावतच नाही!"

"लावण्याचा प्रश्नच नाही. आतला दाब वाढतो. कडेची नजर हळूहळू जाते, माणसाला पत्ता लागत नाही. गेली ती परत येत नाही. उरलेली थेंबांनी सांभाळायची, जन्मभर."

"म्हणजे तेलाने नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

मावशी चक्क हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ही हसत होती. "ऐकलंस? तेलाने नाही. आधी सगळ्यांना फोन करू." मला तिचा भयंकर राग आला. आपली नजर चाललीय, हे हिच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. तिच्या वाटची भीतीही मलाच वाटत होती.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यांच्या कोण?"

"भाची."

"मानलेली, की सख्खी?"

"सख्खी. ही आईची पाठची बहीण."

"वय?"

"एकेचाळीस."

"डोळे कधी तपासलेत?"

"मला छान दिसतं."

"यांनाही परवापर्यंत छानच दिसत होतं. हा रक्ताच्या नात्यात येतो. बसा."

मावशीचं हसू मावळलं. ती स्टुलावरून उठली, हनुवटी टेकवायची जागा स्वतःच्या रुमालाने पुसली आणि मला दंडाला धरून बसवलं. डॉक्टरीणबाईंनी खोलीतला दिवा बंद केला.

"घाबरू नकोस," मावशी म्हणाली. आमच्या घरात हे वाक्य आजवर मीच म्हणत आले होते, तेही हसत हसत. मी हनुवटी टेकवली. मला फार भीती वाटत होती.